एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या आधीचे काठमांडू

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मार्च उजाडला की, आणि पुन्हा दसऱ्याच्या सुमारास, मराठी वृत्तपत्रांच्या पर्यटन पानांवर एव्हरेस्ट बेस कॅम्पचे लेख येऊ लागतात. त्यांत नामचे बाजार असतो, तेंगबोचेचा मठ असतो, ५,३६४ मीटरवर तिरंगा धरलेला फोटो असतो. काठमांडूच्या वाट्याला एकच ओळ येते : ‘पहिला दिवस – काठमांडू आगमन व मुक्काम.’ टूरच्या पत्रकातही हीच ओळ. ओळखीच्या दहा जणांबरोबर जाणाऱ्याचे तेवढ्यावर निभावते. एकाचे विसरलेले दुसऱ्याच्या सॅकमध्ये सापडते. एकट्याने काठमांडू गाठून तिथे अनोळखी गटात सामील होणाऱ्याचे निभावत नाही. अशा एकट्या-दुकट्या ट्रेकरांची तयारी करून घेणे हे आमचे नेहमीचे काम. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाइडबरोबर गटाची बैठक असते; तिच्या आधी दोन रात्री काठमांडूत काढायलाच हव्यात, हे आमचे म्हणणे. बैठक गुरुवारी, तर विमान मंगळवारचे, आणि तेही दिवसाउजेडी उतरणारे. का, ते सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी रामेछापचे गणित. चाल जिथून सुरू होते त्या लुकलाचे विमान काठमांडूहून सुटते असेच बहुतेकांच्या डोक्यात असते. पण गर्दीच्या हंगामात त्रिभुवन विमानतळावरचा ताण कमी करण्यासाठी ही उड्डाणे रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून होतात. काठमांडू ते मंथली सुमारे १३० किलोमीटर, सगळा रस्ता वळणावळणांचा. सगळे सुरळीत असले तर चार-पाच तास. २०२४च्या सप्टेंबरातल्या पुराने या वाटेवरचा बीपी राजमार्ग जागोजागी तोडला, तेव्हापासून हा हिशोब सैलच धरावा लागतो. लुकलाला विमाने जातात ती सकाळीच, कारण दिवस चढला की दरीत वारा आणि ढग भरतात, आणि ५२७ मीटर लांबीच्या, सुमारे १२ टक्के चढाच्या धावपट्टीवर वैमानिकाला डोळ्यांनी बघूनच उतरावे लागते. म्हणजे काठमांडूतल्या थामेल या पर्यटकांच्या वस्तीतून गाडी निघणार रात्री एक-दोनला.

आता संध्याकाळी उतरलेल्या माणसाचे बघा. टॅक्सीतून थेट बैठकीला, मग सॅकची उलथापालथ, आणि डोळ्याला डोळा न लागता गाडीत. पहाटे तो ४७५ मीटरवरच्या मंथलीत. वीस मिनिटांच्या उड्डाणानंतर २,८६० मीटरवर. त्याच दिवशी फाकडिंगपर्यंत चाल, दुसऱ्या दिवशी नामचे, ३,४४० मीटर. तिथे डोके ठणकू लागले की ते उंचीने, जागरणाने, की पाणी कमी पडल्याने, हे त्यालाही सांगता येत नाही आणि गाइडलाही ओळखता येत नाही. दोन रात्रींची पुरेशी झोप असली तर निदान एक संशयित कमी होतो.

मात्र या दोन दिवसांनी शरीर उंचीला सरावते, हा भ्रम नको. काठमांडू आहे सुमारे १,४०० मीटरवर, आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) माथ्याहून खाली. उंचीचा सराव सुरू होतो तो लुकलाच्या पुढे. तिथला नियम असा, की ३,००० मीटरनंतर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर जाऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस असावा. नामचे आणि डिंगबोचे या दोन्ही ठिकाणी दोन-दोन रात्री नसतील, तर ती टूर स्वस्त का आहे ते समजावे.

कागदपत्रांचे थोडक्यात. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधार कार्डावर विमानात बसू देत नाहीत, आणि दरवर्षी कुणी ना कुणी चेक-इनच्या रांगेतून परत फिरतो. मतदार ओळखपत्र चालत असले तरी ट्रेकला पासपोर्टच न्यावा. आपल्याकडे मतदार कार्डावर एक नाव, तिकिटावर वडिलांचे नाव मध्ये घालून दुसरे, लग्नानंतरचे तिसरे, असा प्रकार असतो. विम्याची कागदपत्रे आणि लुकलाचे तिकीट जुळवताना तो नडतो. अमेरिकेतून, इंग्लंडमधून येणाऱ्या ओसीआय कार्डधारक (म्हणजे भारतीय वंशाच्या, पण परदेशी नागरिकत्व असलेल्या) मराठी मंडळींनी हे कार्ड नेपाळमध्ये उपयोगाचे नाही हे ध्यानात ठेवावे. त्यांना व्हिसा घ्यावाच लागतो, १५ दिवसांचा ३० डॉलरला, ३० दिवसांचा ५० डॉलरला. हे लोक बऱ्याचदा उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र बाळगतात. भारतात विनापरवाना असे यंत्र जवळ असणे हा गुन्हा ठरतो. मुंबई किंवा दिल्लीमार्गे येणार असाल तर ते घरी ठेवा.

ट्रेकच्या वाटेवरच्या सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क सार्क देशांच्या नागरिकांना १,५०० नेपाळी रुपये, इतर परदेशी पाहुण्यांना ३,००० (अधिक १३ टक्के कर). लुकलाच्या विमानालाही नेपाळी, भारतीय आणि इतर परदेशी असे वेगवेगळे दर असतात. परदेशी कंपनीच्या टूरमध्ये नाव घातले असेल तर आपल्याला कोणता दर लावला, हे बैठकीत विचारायला संकोच करू नये. दर भारतीय लावला असेल तर विमानतळावर पुरावाही भारतीयच दाखवावा लागतो.

पैशांत सगळ्यात जास्त घोळ होतो. विनिमयाचा दर ठरलेला आहे : १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी. बाजारात भाव विचारला की लगेच ‘आईसी की एनसी?’ हे विचारायचे, म्हणजे भारतीय चलन की नेपाळी. न विचारता झालेला सौदा हमखास महाग चलनात निघतो. २०१८च्या अखेरीस नेपाळने शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती; आजचा नियम निघण्यापूर्वी बघून घ्यावा, पण खिशात शंभराच्याच नोटा असल्या की वाद उरत नाही. मार्च २०२४ पासून भारतीय यूपीआय नेपाळमधल्या फोनपेच्या क्यूआर कोडवर चालू लागले आहे. हे फोनपे नेपाळचे. आपल्या मोबाइलमधले फोनपे वेगळे, नावसाधर्म्याने गोंधळू नये. त्यासाठी ॲपमध्ये परदेशातील यूपीआयची सोय भारतात असतानाच चालू करावी लागते, आणि पैसे दुकानालाच जातात, व्यक्तीला नाही. डोंगरात यावर विसंबू नये. चार्जिंग, गरम पाण्याची अंघोळ, वायफाय, चहा, शेवटी गाइड-पोर्टरची बक्षिसी, हे सगळे रोखीचे व्यवहार. नामचेपुढे एटीएम धरूच नका. रोकड काठमांडूतच काढून, दोन ठिकाणी विभागून ठेवावी. बँकेच्या कार्डावर परदेशातला वापर चालू आहे ना, हेही पहिल्याच दिवशी एकदा पैसे काढून बघावे. नेपाळी सिम घातले की भारतीय नंबर बंद करून टाकणारे पुढे ओटीपीसाठी अडतात. त्या सिमवर निदान एसएमएस येण्यापुरते रोमिंग चालू ठेवा. शनिवारी बँका आणि सरकारी कार्यालये बंद असतात. आपल्याकडच्या सवयीने शनिवारवर काम ढकलले की दिवस गेला. दशैं-तिहारात, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीत, दुकानेही निम्मी बंद.

आता सामानाचे, आणि इथे जरा थांबतो, कारण टूर बिघडते ती बहुधा इथेच. बूट विमानात पायात घालून जायचे. चेक-इन केलेली बॅग एक दिवस उशिरा आली तर बाकी सगळे थामेलमध्ये भाड्याने मिळते, आपल्या पायाला बसलेला बूट मिळत नाही. औषधे, चष्मा आणि पॉवर बँक हातातल्या सामानात. ट्रेकिंगच्या काठ्या चेक-इनमध्ये. बूट नवा नको हे सगळ्यांना पाठ असते. पण कपाटात चार-पाच वर्षे पडून असलेला, ‘फारसा वापरलाच नाही’ असा बूट त्याहून धोक्याचा. त्याच्या तळव्यामधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या दमटपणाने तो आतून कुजत जातो. मुंबई-कोकणातल्या हवेत ही कूज लवकर होते. वरून बूट नवाकोरा दिसतो. अंगठ्याने मधला थर दाबला की भेगा पडतात किंवा भुगा निघतो. घरी हे बघायचे राहिले असेल तर काठमांडूत पहिल्या सकाळी पाच-सहा किलोची सॅक पाठीला लावून स्वयंभू स्तूपाच्या पूर्वेकडच्या ३६५ पायऱ्या दोनदा चढा-उतरा. सोल सुटायचाच असेल तर तिथे सुटेल. नुसता कडेने उघडला असेल तर थामेलच्या आसपासचे मोची दोऱ्याने शिवून देतात. मधला थरच भुसभुशीत झाला असेल तर शिवून काही होत नाही, दुसरा बूट घ्यावा. तो घालून चालायला एक अख्खा दिवस तुमच्या हाती आहे, हाच दोन रात्रींचा फायदा.

या दिवसासाठी नगरकोटहून चांगुनारायणची उतरण चांगली. चार-एक तासांची चाल, आणि बेस कॅम्पच्या वाटेवर पाय मारतो तो उतारच. अंगठा बुटाच्या टोकाला आदळत असेल तर नाडी घोट्याजवळ आवळून टाच मागे बसवून बघायची. तरीही आदळला तर बूट लहान आहे. नखे दोन-तीन दिवस आधी सरळ कापून टाका. वाटेच्या शेवटी चांगुनारायणाच्या देवळात मानदेव राजाचा इ. स. ४६४चा शिलालेख आहे, तोही पाहावा. ट्रेकिंगला जाणारा माणूस काही फक्त गुडघ्यांचा बनलेला नसतो.

थामेलमध्ये स्लीपिंग बॅग आणि डाऊन जॅकेट रोजच्या भाड्यावर मिळते. बॅगेवर ‘उणे २०’ छापलेले असते, त्यावर भिस्त ठेवू नका. ती उणे १०चीच धरावी. बॅग दुकानातच पूर्ण उलगडून दहा मिनिटे तशीच पसरून ठेवायची. पिसे चांगली असतील तर ती फुगते. मग उचलून उजेडासमोर धरायची : जिथून प्रकाश आरपार येतो तिथे पिसे एका कोपऱ्यात गोळा झालेली असतात, आणि रात्री थंडी तिथूनच शिरते. आत शिरून चेन आतल्या बाजूने तीनदा वर-खाली करा. बेस कॅम्पच्या अलीकडच्या लोबुचेच्या मुक्कामी पहाटे लघवीला उठताना अडकणारी चेन म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. डोक्याभोवतीची दोरी ओढली जाते का तेही पाहा. आत घालायचे सुती किंवा रेशमी अस्तर स्वतःचे न्या. भाड्याची वस्तू घेण्यापूर्वी तिच्यावरचे डाग, शिवण, फाटके मोबाइलने टिपून ठेवा आणि पावती घ्या. अनामत रोख द्या. पासपोर्ट अनामत म्हणून कोणत्याही दुकानात ठेवू नये. वर उद्यानाच्या चौकीत तो लागणार आहे. नामांकित कंपन्यांच्या शिक्क्याचे स्वस्त कपडे नकली असतात हे दुकानदारही लपवत नाहीत. हातमोजे, टोपी, फ्लीस यांना ते चालून जाते. पावसाळी जॅकेट मात्र नकली नको. ते घ्यायचे झालेच तर आधी शिवणीवर आतून लावलेली पट्टी आहे का ते बघून वरून पेलाभर पाणी ओता.

लुकलाच्या विमानात वजनाची मर्यादा साधारण १५ किलो असते, १० सामानाचे आणि ५ हातातले. एक पोर्टर दोघांचे सामान वाहतो, म्हणून कंपनीही तुमची डफल बॅग १० ते १५ किलोत बसवायला सांगते. डफल बंद करून वजन करा. उघड्या बॅगेचे अंदाज नेहमी चुकतात. मराठी माणसाच्या बॅगेत चिवडा, बाकरवडी, मेतकूट आणि चकल्या मिळून तीन किलो सहज निघतात. मेतकूट न्यावे, वर भाताबरोबर ते लाख मोलाचे. बाकीच्याला कात्री लावावी.

पोट बिघडते ते बहुधा काठमांडूत, आणि भोगावे लागते नामचेत. नळाचे पाणी दात घासायलाही वापरू नये. कच्चे सॅलड, बर्फ, कापून ठेवलेली फळे या दोन दिवसांत वर्ज्य. पाणीपुरी तर नकोच : जून २०२२ मध्ये कॉलराचे रुग्ण सापडल्यावर ललितपूर महानगरपालिकेने पाणीपुरीच्या विक्रीवरच बंदी घातली होती. गरम दालभात किंवा समोर वाफवलेले मोमो खावेत. ओआरएसची पाकिटे न्यावीत. जुलाबासाठी नेपाळमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची औषधे बऱ्याचदा लागू पडत नाहीत, तिथले जंतू त्यांना सरावले आहेत; त्याऐवजी अझिथ्रोमायसिन सुचवतात. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून मात्रा लिहून घ्यावी. वसंतात काठमांडूची धूळ घसा धरते आणि तोच खोकला वर कोरड्या हवेत बळावतो. मास्क लावण्यात लाज कसली?

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, घ्यायचे की नाही हा निर्णय याच दोन दिवसांत अमलात येतो, कारण ते चढाईच्या आदल्या दिवशी सुरू करायचे असते. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाला १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. आपल्याकडची गोळी बहुधा २५०ची मिळते, तिची अर्धी. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नये. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते, सोडा बेचव लागतो; हे माहीत नसलेला माणूस मुंग्यांनाच घाबरतो. म्हणून एक-दोन मात्रा घरीच घेऊन बघाव्यात. रामेछापच्या वळणांसाठी उलटीची गोळी घ्या, पण वर झोपेची गोळी नको. श्वास आणखी मंदावतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असेल तर काठमांडूत दोन्ही सकाळी उठल्याउठल्या वाचन घेऊन वहीत लिहा. वरच्या आकड्याला अर्थ येतो तो या खालच्या आकड्याशी ताडून; आणि आकडा चांगला असला तरी डोकेदुखी, मळमळ, तोल जाणे यांना आकड्याने झाकू नये.

विमा. साधी प्रवास-पॉलिसी ट्रेकिंगला बऱ्याचदा लागू होत नाही, झाली तरी उंचीची अट असते. ६,००० मीटरपर्यंतचे ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने सुटका हे दोन्ही शब्द पॉलिसीत वाचून पाहा. हेलिकॉप्टर बोलावण्यापूर्वी कंपनीची परवानगी कोणत्या क्रमांकावर घ्यायची, तेही त्यातच असते. २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत गरज नसताना केलेल्या ‘सुटकां’चा आणि फुगवलेल्या बिलांचा प्रकार उघड झाला होता, किरकोळ डोकेदुखीला कुणी हेलिकॉप्टर सुचवले तर आधी खाली उतरता येते का ते विचारा. एकट्या माणसाची खरी अडचण अशी, की गटातल्या कुणाकडेच त्याच्या घरचा नंबर नसतो. एका कागदावर रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे, पॉलिसी क्रमांक आणि घरच्या दोघांचे नंबर लिहून एक प्रत गाइडकडे, एक पासपोर्टमध्ये, एक घरी. फोटो मोबाइलमध्ये असून भागत नाही. थंडीत बॅटरी आधी जाते.

बैठकीत गाइड नकाशा दाखवतो, सगळे मान डोलावतात आणि चहा येतो. तिथे विचारायचे ते असे : विमान काठमांडूहून की मंथलीहून? लुकलात हवामानाने अडकलो तर जास्तीच्या मुक्कामाचा खर्च कुणाचा? ऑक्सिजन बरोबर आहे का? पोर्टरांचा विमा आहे का, आणि त्यांना वरच्या थंडीचे कपडे कंपनी देते का? खोलीत जोडीदार कोण? एकट्या बाईने हा शेवटचा प्रश्न बैठकीपर्यंत न ठेवता पैसे भरतानाच सोडवावा. हंगामात लोबुचे आणि गोरक्षेपला खोल्या कमी पडतात आणि ऐनवेळी जो मिळेल तो जोडीदार स्वीकारावा लागतो. ‘हळू चालणारी मी एकटीच असले तर माझ्याबरोबर कोण थांबणार?’ हेही विचारावे. सहायक गाइड नसेल तर उत्तर डळमळीत येते, आणि ते काठमांडूत ऐकलेले बरे.

शेवटी हॉटेलात ठेवून जायची बॅग. तिच्यात परतीचे स्वच्छ कपडे, चपला आणि नको असलेला खाऊ. वर नाव, टूर कंपनीचे नाव आणि परतीची तारीख इंग्रजी महिन्यात लिहा, कारण हॉटेलची वही विक्रम संवतात चालते आणि ‘१५ तारीख’ म्हणजे कार्तिकाची की ऑक्टोबरची, यावर काउंटरवरच्या मुलाचे आणि तुमचे एकमत होणार नाही. खोलीचे परतीचे आरक्षण विमानाच्या तारखेच्या दोन दिवस आधीचे करा, लुकला बंद पडते म्हणून. पर्यटन पानावर पुढचा लेख छापाल तेव्हा ‘पहिला दिवस – काठमांडू आगमन’ या ओळीखाली निदान रामेछापची वेळ आणि कागदपत्रांचा नियम चौकटीत द्यावा, ही विनंती.

आपले,
ट्रेकरांची तयारी करून घेणारे काही वाचक, पुणे